अंदमानचा निसर्ग पाहायचाय? पुण्याहून निघण्याआधी बेत असा आखा

पुण्यात अंदमानची चौकशी केली की बहुतेक ठिकाणी एकच साचा हाती पडतो : पाच रात्री, सहा दिवस आणि खाली ठिकाणांची लांबलचक यादी. यादी चुकीची नसते. पण अंदमानात कुठे जायचं यापेक्षा किती वाजता जायचं, याने जास्त फरक पडतो. भरतीला ज्या किनाऱ्यावर स्वच्छ निळ्या पाण्यात पोहता येतं, तोच किनारा सहा तासांनी लांबवर उघडा पडलेला, पाय टाकायला अवघड असा खडकाळ पट्टा झालेला असतो. सूर्य पुण्याच्या आधी तासाभराहून जास्त लवकर बुडतो. जहाज वाऱ्यावर अवलंबून, जंगलातला रस्ता ताफ्याच्या वेळेवर अवलंबून. हे सगळं आधी लक्षात घेतलं, तर तेवढ्याच पैशात आणि तेवढ्याच दिवसांत दुप्पट पाहून होतं.

हा लेख पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे, आणि तोही समुद्र, खाडी आणि जंगल पाहायला जाणाऱ्यांसाठी. सेल्युलर जेल मराठी माणूस पाहणारच. त्यासाठी अर्धा दिवस आणि एक संध्याकाळ वेगळी ठेवा, घाईत उरकू नका. इथे त्याबद्दल लिहीत नाही.

१. नावांचा घोळ आधी मिटवा

तिकिटावर एक नाव, हॉटेलच्या पावतीवर दुसरं आणि रिक्षावाल्याच्या तोंडी तिसरं, असं तिथे सर्रास होतं. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि पोर्ट ब्लेअरसमोरच्या रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. माउंट हॅरिएट २०२१ पासून माउंट मणिपूर आहे. बोलताना सगळे अजून जुनीच नावं घेतात, म्हणून पुढे तीच वापरली आहेत. जहाजाचं तिकीट काढताना मात्र दोन्ही ठाऊक हवीत.

खरा सापळा एकसारख्या नावांचा आहे. 'रॉस' दोन आहेत. एक पोर्ट ब्लेअरच्या समोर, बोटीने काही मिनिटांवर, इंग्रजांच्या पडक्या इमारतींचं. दुसरं 'रॉस अँड स्मिथ' या जोडबेटांतलं, दिगलीपूरजवळ, रस्त्याने तीनशे किलोमीटरवर. वाळूच्या पट्टीने जोडलेली दोन हिरवी बेटं फोटोत पाहून लोक पहिल्याचं तिकीट काढतात आणि तिथे पोहोचल्यावर हिरमुसतात. तसंच 'काला पत्थर' नावाचा किनारा हॅवलॉकला आहे आणि त्याच नावाची जागा माउंट हॅरिएटच्या जंगलवाटेवरही आहे.

२. महिना ठरवा, आणि मग तिथी

डिसेंबरअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ सगळ्यात भरवशाचा. नैर्ऋत्य मोसमी पाऊस अंदमानात मे महिन्याच्या उत्तरार्धातच पोहोचतो, म्हणजे केरळच्याही आधी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरातली वादळंही याच सुमारास उठतात. त्यामुळे दिवाळीची सुट्टी जोडून जाण्याचा मोह पुण्यात कितीही होत असला, तरी त्या दिवसांत जहाजं रद्द होण्याची शक्यता धरूनच चाला. मे महिन्याच्या सुट्टीत पहिला आठवडा त्यातल्या त्यात बरा. पुढे समुद्र खवळायला लागतो. पाण्याखालचं नितळ पाहायचं असेल तर फेब्रुवारी आणि मार्च. तेव्हा वारा पडलेला असतो, आणि शाळा चालू असल्याने गर्दीही कमी.

महिना ठरला की भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहा. अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरती जास्त चढते आणि ओहोटीही जास्त खोल जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाण्याची चढउतार कमी. नीलवरचा नैसर्गिक दगडी पूल आणि तिथली समुद्री डबकी पाहायची असतील तर उधाणाची ओहोटी हवी. रात्री कयाक (वल्ह्याची छोटी होडी) घेऊन सूक्ष्म जीवांमुळे चमकणारं पाणी पाहायचं असेल तर चंद्र नको. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी अमावस्येच्या दोन दिवस मागेपुढे जुळतात. तारखांची मोकळीक असेल तर प्रवास त्याभोवती बसवा.

३. विमान : उतरायची वेळ दुपारच्या आतली

लोहगावहून साधारणपणे एक थांबा घेऊन जावं लागतं : चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद किंवा कोलकाता. चेन्नईहून पुढचं उड्डाण सव्वादोन तासांच्या आसपासचं. पोर्ट ब्लेअरची बरीचशी विमानं सकाळी ते दुपारच्या सुमारास उतरतात, त्यामुळे पुण्याहून रात्री किंवा भल्या पहाटे निघावं लागतं.

दोन गोष्टी सांभाळा. पुणे ते चेन्नई एका कंपनीचं आणि चेन्नई ते पोर्ट ब्लेअर दुसऱ्या कंपनीचं, अशी सुटी तिकिटं स्वस्त दिसतात. पण पहिलं विमान उशिरा पोहोचलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही, आणि बेटाचं पुढचं विमान दुसऱ्या दिवशीचं असू शकतं. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्या. तेच सामानाचं : एकाच तिकिटावर असलं तर बॅग थेट पोर्ट ब्लेअरला जाते, मध्ये उतरवून पुन्हा रांगेत लागावं लागत नाही.

परतीची अट त्याहून महत्त्वाची. विमानाच्या आदल्या रात्री मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच हवा. सकाळी हॅवलॉकहून जहाजाने येऊन दुपारचं विमान पकडायचा बेत कागदावर जमतो. वारा सुटला आणि जहाज रद्द झालं की तिकिटाचे पैसे बुडतात.

४. घड्याळ भारतीय, सूर्य पूर्वेचा

पुणे ७४ रेखांशाच्या जवळ, पोर्ट ब्लेअर ९३ च्या जवळ. घड्याळ एकच, पण सूर्यात सव्वा तासाचा फरक. डिसेंबरात तिथे साडेपाचच्या सुमाराला उगवतो आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला बुडतो. फेब्रुवारीअखेर सूर्यास्त साडेपाचपर्यंत सरकतो.

याचा हिशेब साधा आहे. सकाळी नऊला नाश्ता करून निघणाऱ्याचा अर्धा दिवस गेलेला असतो. साडेचारला उठा, साडेपाचला बाहेर पडा, दुपारी बारा ते अडीच झोप काढा आणि साडेतीनला सूर्यास्ताच्या किनाऱ्यावर हजर राहा. 'संध्याकाळी पाच वाजता राधानगर' असं कुणी कार्यक्रमात लिहून दिलं असेल तर ते तिथल्या तिथे बदलून घ्या. आदल्या रात्री हॉटेलात सांगितलं तर पहाटे चहा आणि बांधून दिलेला नाश्ता बहुतेक ठिकाणी मिळतो.

५. हॉटेलच्या आधी जहाजाची तिकिटं

पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक, हॅवलॉक ते नील आणि नील ते पोर्ट ब्लेअर हा त्रिकोण. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला खासगी वेगवान जहाजाने दीड ते अडीच तास लागतात, हॅवलॉक ते नील साधारण तासाभराचं. मॅक्रूझ, नॉटिका, ग्रीन ओशन ही खासगी जहाजं, शिवाय सरकारी फेरी. सरकारी फेरी खूप स्वस्त. पण ती आधी बेटांवरच्या रहिवाशांची गरज आहे, आणि तिच्या जागा मिळतीलच असं धरून बेत आखू नका.

डिसेंबर-जानेवारीत खासगी जहाजांच्या सोयीच्या वेळा आधी भरतात. म्हणून क्रम असा : विमान, मग जहाज, मग हॉटेल. तिकिटावर कोणती जेट्टी लिहिली आहे ते वाचा. पोर्ट ब्लेअरला फिनिक्स बे आणि हड्डो अशी दोन नावं दिसतील. सुटण्याच्या तासभर आधी पोहोचा. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र पाहतात, लहान मुलांचंही.

बोट लागणाऱ्यांनी उलटीवरची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी आणि निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. जागा मधली किंवा मागची, खालच्या मजल्यावरची घ्या. पुढच्या टोकाला हेलकावे सगळ्यात जास्त. रिकाम्या पोटी बसू नका आणि तेलकट खाऊनही बसू नका. कोरडी पोळी, खाकरा, केळं एवढं पुरे.

बेटं आधी, पोर्ट ब्लेअरची भटकंती शेवटी, असा क्रम ठेवा. जहाज एक दिवस पुढे गेलं तर पोर्ट ब्लेअरचा एक दिवस कापता येतो. उलटं केलंत तर कापायला काहीच उरत नाही.

६. भरती-ओहोटीचं गणित

कोकणात तिथीच्या पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. तो हिशेब अंदमानात लावू नका, कारण प्रत्येक बंदराची वेळ वेगळी असते. पोर्ट ब्लेअरचा तक्ता घ्या. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरतीचे तक्ते छापतो; फोनवर भरती दाखवणारी ॲपही बरीच आहेत. निघण्याआधी तुमच्या सगळ्या तारखांच्या ओहोटीच्या वेळा एका कागदावर लिहून घ्या, कारण बेटावर नेट कधी मिळेल ते सांगता येत नाही.

मूळ गणित सोपं. दिवसात दोन ओहोट्या, एकीपासून दुसरी साधारण १२ तास २५ मिनिटांनी. म्हणजे रोज वेळ सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. समजा सोमवारी सकाळी ७ ला ओहोटी आहे. पुढची त्याच संध्याकाळी ७:२५ ला, म्हणजे अंधारात, बिनकामाची. मंगळवारी सकाळी ७:५० ला, बुधवारी पावणेनऊच्या आसपास. नीलला बुधवारी सकाळी असाल तर पूल पाहायची वेळ साडेसात ते पावणेदहा. तेवढ्यासाठी बाकीचा दिवस हलवा.

कुठे काय हवं :

भरतपूर, नील : भरती हवी. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की पोहायला खोली मिळत नाही आणि प्रवाळ उघडं पडतं.

लक्ष्मणपूरचा दगडी पूल, नील : ओहोटीच हवी. तासभर आधी पोहोचा आणि पाणी वळायला लागलं की निघा.

एलिफंट बीच, हॅवलॉक : पाणी पुरेसं वर असताना. अगदी ओहोटीला स्नॉर्कलिंग करणाऱ्यांची (मास्क लावून तरंगत पाण्याखालचं पाहणाऱ्यांची) पोटं आणि पायांतले रबरी पंख प्रवाळाला घासतात. जखम तुम्हालाही होते आणि त्यालाही.

काला पत्थर, हॅवलॉक : पूर्ण भरतीला वाळू जवळजवळ उरत नाही. पाणी उतरलेलं असताना चालायला सुंदर.

राधानगर, हॅवलॉक : रुंद वाळूचा किनारा, कोणत्याही वेळी चालतो.

भरतीइतकाच वाराही पाहा. डिसेंबर-जानेवारीत वारा ईशान्येकडून येतो, त्यामुळे पूर्वेकडचे किनारे, म्हणजे काला पत्थर आणि विजयनगर, खळबळते असू शकतात आणि पश्चिमेकडचा राधानगर शांत. पावसाळ्याच्या तोंडावर हे उलटतं.

७. हॅवलॉक : किमान दोन रात्री, जमल्यास तीन

राधानगरला 'सात नंबर बीच' म्हणतात. २००४ मध्ये 'टाइम' मासिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं, तेव्हापासून सगळ्यांची पावलं तिकडे वळतात, आणि कौतुक खोटं नाही. वाळू बारीक आणि पायाखाली घट्ट, आणि मागे लगेच उंच झाडांची भिंत. जेट्टीपासून सुमारे १२ किलोमीटर. सूर्यास्ताला रिक्षा ठरवताना परतीचंही ठरवून ठेवा, कारण अंधार झाल्यावर सगळे एकदमच निघतात. सकाळी सहाला गेलात तर किनारा जवळजवळ तुमचाच असतो, आणि माझ्या मते राधानगरची खरी वेळ तीच.

एलिफंट बीचला बोटीने वीसेक मिनिटं, किंवा जंगलातून पायी. पायवाट पाऊस पडून गेला की चिखलाची होते. बोटी सकाळी लवकर सुटतात, पहिल्या फेरीत जा. उशिरा गर्दीने पाणी ढवळलेलं असतं. पाण्यात आणि किनाऱ्यावर आडवे पडलेले प्रचंड ओंडके दिसतील, तेही थांबून पाहण्यासारखे.

अपेक्षा मात्र नीट ठेवा. २०१० मध्ये समुद्र तापून अंदमानातलं बरंच प्रवाळ पांढरं पडलं, २०१६ मध्ये पुन्हा. उथळ पाण्यात जाहिरातीतले भडक रंग सगळीकडे दिसणार नाहीत. मासे मात्र भरपूर दिसतात : पोपटमासा प्रवाळ कुरतडताना पाण्याखाली त्याचा कर्रकर्र आवाज ऐकू येतो. डोकं स्थिर ठेवून दोन मिनिटं तरंगलात तरच तो ऐकू येतो, धडपडत पोहणाऱ्याला नाही.

रात्री कांदळवनात कयाकिंग करून चमकणारं पाणी पाहता येतं. वल्ह्याच्या टोकाशी निळसर ठिणग्या उठतात. पौर्णिमेच्या आठवड्यात यावर पैसे घालवू नका.

८. नील : एक रात्र तरी राहाच

नील लहान आहे, स्कूटर किंवा सायकलवर सगळं होतं. दिवसभरात येऊन-जाऊन करणारे लोक नेमके चुकीच्या भरतीला पूल आणि भरतपूर पाहतात, म्हणून मुक्काम हवा. सीतापूरला सूर्योदय, लक्ष्मणपूर एकला सूर्यास्त, लक्ष्मणपूर दोनला पूल, भरतपूरला पोहणं.

पुलाकडे जाताना वाळू संपते आणि मृत प्रवाळाचे धारदार, शेवाळलेले दगड लागतात. रबरी चपला तिथे निसटतात. मागे पट्टा असलेल्या, पकड असलेल्या सँडल घाला. ज्येष्ठ मंडळींसाठी काठी घ्या. दगडांमधल्या डबक्यांत समुद्रकाकड्या, शिंपले, छोटे रंगीत मासे अडकलेले असतात. काही वाटाडे समुद्रकाकडी उचलून हातात देतात. नम्रपणे 'राहू द्या दादा, तिथेच बघतो' म्हणा. ती संरक्षित प्रजाती आहे, आणि पाण्याबाहेर काढणं तिच्यासाठी वाईट.

९. बाराटांग : जायचं की नाही, आणि जायचं तर कसं

बाराटांगला चुनखडीच्या गुहा, कांदळवनातली खाडी आणि चिखलाचे ज्वालामुखी आहेत. पण तिथे जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो. जारवा संख्येने फार थोडे आहेत. बाहेरच्या माणसांचे साधे आजारही त्यांना जड जातात. हा रस्ता बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच दिला होता, तरी तो आजही वापरात आहे. जारवा 'दिसतील' म्हणून जायचं असेल तर कृपा करून जाऊ नका. खाडी आणि गुहांसाठी जायचं असेल तर नियम कसोशीने पाळून जा. खाडीतलं जंगल हॅवलॉकच्या कयाकमधूनही पाहता येतं, हा पर्यायही लक्षात असू द्या.

दिवस असा जातो. पोर्ट ब्लेअरहून पहाटे साडेतीनच्या सुमाराला निघायचं. जिरकाटांगच्या चौकीवर ओळखपत्रांची नोंद होते आणि गाड्या ताफ्याने सोडतात. पहिला ताफा सकाळी सहाच्या सुमाराचा. तोच गाठा. पुढचा धरलात तर बोटीची रांग वाढते आणि परतीचा शेवटचा ताफा, जो दुपारी तीनच्या आसपास असतो, हुकायची भीती राहते. ताफ्यांच्या वेळा बदलतात, आदल्या दिवशी गाडीवाल्याकडून पक्क्या करून घ्या.

जंगलात गाडी थांबवायची नाही, पुढच्या गाडीला ओलांडायचं नाही, काच खाली करून काही द्यायचं नाही, फोटो-व्हिडिओ काढायचा नाही. फोन बॅगेत टाका आणि मुलांनाही आधीच सांगा. आदिम जमातींच्या संरक्षणाच्या कायद्यात यासाठी तुरुंगवासाची शिक्षा आहे. गाडीवाला 'काही होत नाही' म्हणाला तरी ऐकू नका.

मिडल स्ट्रेट या सामुद्रधुनीवर गाडीसह फेरी, पलीकडे नीलांबूर जेट्टी, तिथून फायबर बोटीने अर्धा तास. सुरुवातीला खाडी रुंद असते. शेवटी बोट वेग कमी करते आणि दोन्ही बाजूंच्या फांद्या डोक्यावर मिळतात. पाणी उतरलेलं असेल तर तिवरांच्या कमानीसारख्या आधारमुळांवर आधीच्या भरतीची रेघ दिसते, आणि चिखलातून पेन्सिलीएवढी श्वसनमुळं उभी असतात. हात पाण्यात घालू नका, या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत.

जेट्टीपासून गुहेपर्यंत दीडएक किलोमीटर चाल, काही भाग उघड्या शेतातून, ऊन कडक. गुहेत दिवे नसतात, वाटाड्याच्या टॉर्चवर चालावं लागतं. स्वतःची एक बॅटरी घ्या. छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या टोकाला पाण्याचा थेंब लटकलेला दिसेल. त्या थेंबातला चुना टोकाला साठतो आणि खडक वाढतो. हात लावला की त्वचेचं तेल तिथे बसतं, चुना धरत नाही आणि ती जागा काळी पडते. ज्यांना आधीच हात लागलेत ते खडक ओळखू येतात.

चिखलाच्या ज्वालामुखीकडून लाव्हाची अपेक्षा नको. थंड, राखाडी चिखलाची छोटी टेकाडं आणि मधूनमधून फुटणारे वायूचे बुडबुडे, एवढंच. वेळ कमी असेल तर हेच वगळा.

गुहा आठवड्यातून एक दिवस बंद असतात, साधारणपणे सोमवारी. गुडघ्याचं दुखणं, गर्भारपण किंवा अगदी लहान मूल असेल तर हा दिवस टाळा. जाऊन-येऊन बारा तासांची दगदग आहे.

१०. पोर्ट ब्लेअरच्या आसपास

जॉली बॉय : वंडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ मध्ये झालं. त्यातल्या दोनच बेटांवर पर्यटक नेतात, तेही आलटून पालटून : हिवाळा-उन्हाळ्यात जॉली बॉय, बाकीच्या महिन्यांत रेड स्किन. सोमवारी बंद. परवाना आणि बोटीची जागा आधी मिळवा. वंडूरच्या जेट्टीवर आयत्या वेळी होईल या भरवशावर जाऊ नका. प्लास्टिक चालत नाही, त्यामुळे वेफर्सची पाकिटं, प्लास्टिकच्या बाटल्या हॉटेलातच ठेवा. स्टीलचा डबा, स्टीलची बाटली आणि कापडी पिशवी घ्या. बेटावर दुकान नाही. किनाऱ्याजवळचं प्रवाळ पाहायला पोर्ट ब्लेअरच्या आसपास मला यापेक्षा चांगली जागा सुचवता येणार नाही. नॉर्थ बेच्या काचेच्या तळाच्या बोटींतून दिसणारं याच्यापुढे फिकं आहे.

वंडूरच्या वाटेवर सिप्पीघाट लागतं. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन खचली आणि इथल्या सखल शेतांत समुद्राचं पाणी शिरून राहिलं. आता तिथे पाणपक्षी येतात. दुर्बीण असेल तर वीस मिनिटं थांबा.

चिडिया टापू : दक्षिणेला पंचवीसेक किलोमीटर. सूर्यास्तासाठी प्रसिद्ध, पण पक्षी पाहायला पहाटे जावं. सूर्यास्ताला जायचं तर तीनला निघा. मुंडा पहाडच्या किनाऱ्यावर मगरींमुळे पाण्यात उतरायला बंदी आहे, ती पाळा.

माउंट हॅरिएट : चाथमहून बांबू फ्लॅटला फेरी, पुढे गाडी. वरून नॉर्थ बेचं दीपगृह आणि नारळांची रांग दिसते. जुनी तांबूस वीस रुपयांची नोट घरात कुठे असेल तर सोबत घ्या, मागच्या बाजूचं चित्र याच भागातलं आहे. (नव्या नोटेवर आपलं वेरूळ आहे.)

११. आणखी चार दिवस असतील तर : दिगलीपूर

उत्तरेचं हे टोक रस्त्याने दहा-बारा तासांवर, तेही जारवा राखीव जंगलातूनच. रॉस अँड स्मिथला एरियल बेच्या जेट्टीवरून बोट मिळते. दोन बेटांमधली वाळूची पट्टी भरतीला पाण्याखाली जाते, त्यामुळे इथेही तक्ता लागतो. सॅडल पीक ७३२ मीटर, अंदमानातलं सर्वोच्च शिखर. सिंहगड नेहमी चढणाऱ्यांना उंचीचं काही वाटणार नाही, पण दमट हवेत घाम सुकत नाही आणि दमछाक तिप्पट होते. माणशी तीन लिटर पाणी, पहाटे सुरुवात. कालीपूरच्या किनाऱ्यावर डिसेंबर ते फेब्रुवारी कासवं अंडी घालायला येतात. वन विभागाच्या माणसांसोबतच जा, पांढरी बॅटरी आणि फ्लॅश बंद.

सहा-सात दिवसांच्या सहलीत दिगलीपूर कोंबू नका.

१२. पाण्यात उतरताना

मगरींचे फलक लावलेल्या जागी उतरायचं नाही, विशेषतः खाडीची तोंडं आणि कांदळवनाच्या कडा. सांजवेळी आणि पहाटे तर नाहीच. जीवरक्षक शिट्टी वाजवत असेल तर लगेच बाहेर या.

स्नॉर्कलिंगचा मास्क विकत न घेता भाड्याने घेतलात तरी आधी तपासा : पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने श्वास ओढा. हात सोडल्यावर मास्क चिकटून राहिला तर तो बसतो. भरघोस मिशी असेल तर वरच्या कडेने पाणी शिरतं. तिथे थोडं व्हॅसलीन लावतात. चष्मा असणाऱ्यांनी नंबरचा मास्क आहे का, हे फोनवर आधीच विचारावं.

पोहता न येणाऱ्यांनाही प्रशिक्षकासोबत स्कूबा करता येतं, जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण यांतलं काही असेल तर अर्जात खरं लिहा. सर्दी असताना उतरू नका, कानाचा दाब सुटत नाही. आणि स्कूबानंतर १८ ते २४ तास विमानात बसायचं नाही, म्हणून ते शेवटच्या दिवशी ठेवू नका. प्रवाळावर उभं राहायचं नाही, कितीही दमलात तरी पाठीवर तरंगा.

१३. आठ दिवस, सात रात्रींचा आराखडा

पहिल्या दिवशी उतरून सेल्युलर जेल, रात्र पोर्ट ब्लेअर. दुसऱ्या दिवशी सकाळच्या जहाजाने हॅवलॉक, साडेतीनला राधानगर. तिसऱ्या दिवशी पहिल्या बोटीने एलिफंट बीच, चंद्र नसेल तर रात्री कयाक. चौथा दिवस स्कूबासाठी किंवा मोकळा. हवामानाने काही हुकलं तर इथे बसवा. पाचव्या दिवशी नील. सहाव्या दिवशी ओहोटीनुसार पूल, दुपारच्या जहाजाने परत. सातव्या दिवशी जॉली बॉय किंवा बाराटांग, दोन्हींतलं एकच. आठव्या दिवशी विमान. सातवा दिवस सोमवार येत असेल तर सगळा बेत एका दिवसाने सरकवा.

१४. कागदपत्रं आणि सामान

कागद : प्रत्येकाचं मूळ आधार किंवा दुसरं सरकारी ओळखपत्र आणि दोन छायाप्रती, विमान, जहाज, हॉटेल यांची छापील तिकिटं, स्कूटरसाठी वाहन परवाना, औषधांची चिठ्ठी. भारतीयांना पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नीलसाठी वेगळा परवाना लागत नाही. घरातल्या कुणाकडे परदेशी पासपोर्ट किंवा ओसीआय (परदेशस्थ भारतीयांचं) कार्ड असेल तर त्यांचे नियम वेगळे आहेत, तिकीट काढण्याआधी तपासा.

पैसे : हॅवलॉक-नीलला एटीएम मोजकी आणि कधीकधी रिकामी. ऑनलाइन पैसे देणं नेटवर अवलंबून. रिक्षा, बोट, नारळपाणी, वाटाडे यांच्यासाठी रोख पोर्ट ब्लेअरलाच काढा, सुट्टे जास्त.

सामान : पट्ट्याची सँडल, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा (उन्हापासून सनस्क्रीनपेक्षा जास्त उपयोगी), पाणी न शिरणारी पिशवी, बॅटरी, डास आणि वाळूमाश्यांसाठी मलम. वाळूमाश्या संध्याकाळी ओल्या वाळूवर चावतात, खाज आठवडाभर राहते. वाळूवर थेट बसण्याऐवजी चटई घ्या आणि पाय झाका. ड्रोन नेऊ नका, नौदलाचा परिसर आहे. शाकाहारी जेवण सगळीकडे मिळतं, पण पहाटेच्या निघण्यासाठी चिवडा, लाडू, खाकरे घरूनच डब्यात भरून घ्या.

येताना शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे, वाळूची बाटली, काहीही बॅगेत टाकू नका. मुलांच्या खिशांतही पाहा. प्रवाळ आणि कित्येक शंख वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, विमानतळावर क्ष-किरण तपासणीत ते दिसतात आणि तिथे बॅग उघडावी लागते. शंखाची वस्तू दुकानातून घेतली असेल तर परवानाधारक दुकानाची पावती हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.